चार बोटं अलीकडची रेघ

मी एक जुनं बॅडमिंटन कोर्ट आहे, मित्रांनो, आणि आधीच कबूल करून टाकतो, माझी एक रेघ आठ वर्षं खोटं बोलत होती. ती गोष्ट सांगितल्याशिवाय माझी कहाणी पुरी व्हायची नाही. पण कहाणी म्हटली की जन्मापासून सुरुवात करावी लागते, तेव्हा जरा दम धरा.

माझ्या जागी पूर्वी सुताचं गोदाम होतं. गाठोडी यायची बंद झाली, उंदीरसुद्धा कंटाळून निघून गेले आणि उंच छपराची ती इमारत नुसती उभी राहिली. एक दिवस शाळेतल्या चित्रकलेच्या बाई तिथे आल्या. एका हातात वही, दुसऱ्या हातात गॅसचा लाल फुगा. बाई तरुणपणी बॅडमिंटन खूप खेळल्या होत्या, पण सगळं उघड्यावर, वाऱ्याशी भांडत. "आम्ही मारायचो समोर आणि शटल जायचं शेजाऱ्यांच्या गच्चीवर," असं त्या सांगायच्या. मुलांना तरी बिनवाऱ्याची जागा मिळावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी फुग्याला दोरा बांधला, फुगा छपराला टेकू दिला आणि मग खाली ओढून दोरा मोजला. नऊ मीटर आणि वर थोडं. "पुरेल," त्या फुग्याला म्हणाल्या. माझ्या आयुष्यातला हा पहिला शब्द.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शटलचं एक पीस दोऱ्याला बांधून हॉलच्या मधोमध टांगलं आणि शेजारी स्टूल टाकून बसल्या. पीस जरा हललं की उठायचं, भिंतीतली फट शोधायची आणि तिथे खडूने फुली मारायची. दोन दिवसांत एकोणीस फुल्या झाल्या. गवंड्याने त्या सगळ्या बुजवल्या. कोर्टाच्या दोन्ही टोकांच्या खिडक्याही बाईंनी बंद करून घेतल्या, कारण समोर उजेड असला की पांढरं शटल दिसत नाही. भिंतींना गडद हिरवा रंग दिला. दिवे माझ्या डोक्यावर लावले नाहीत, दोन्ही बाजूंना लावले, म्हणजे वर पाहणाऱ्याचे डोळे दिपायला नकोत. तुम्ही कुठल्याही कोर्टावर गेलात तर आधी वर बघा. दिवा डोळ्यांत घुसला तर समजा, ते बांधणाऱ्याला खेळणाऱ्याची पर्वा नव्हती.

माझी जमीन घडवली ती मिस्त्रींनी. मिस्त्री म्हणजे हाडाचे सुतार. कमी बोलणारे आणि लाकडाला नखाने टकटक करून त्याची कुंडली सांगणारे. त्यांनी खाली रबराचे तुकडे ठेवले, त्यावर आडव्या पट्ट्या आणि त्यावर फळ्या. "उडी मारली की गुडघ्याला कळता कामा नये," ते म्हणाले. भिंतीलगत त्यांनी चारी बाजूंनी बोटभर फट सोडली, तेव्हा बाईंचा जीव खालीवर झाला.

"अहो मिस्त्री, एकोणीस फटी बुजवल्या आपण, आणि तुम्ही नवी करताय?"

"ही लाकडाची आहे, बाई. दमट हवेत लाकूड फुगतं. त्याला पाय पसरायला जागा नको?"

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

आता मिस्त्रींच्या टेपबद्दल सांगायला हवं. तो त्यांच्या वडिलांचा टेप होता आणि त्याचं तोंड कधीच तुटलेलं होतं. पहिले दहा सेंटिमीटर गायब. मिस्त्री दहाच्या आकड्यापासून मोजायचे आणि येणाऱ्या मापात हातचे दहा धरायचे. म्हणजे दोन मीटर हवं असेल तर दोन मीटर दहावर खूण. बाई म्हणाल्या, "नवा घ्या की." मिस्त्री म्हणाले, "याच्याशी माझं जमतं. याचं खोटं मला पाठ आहे."

रेघा आखायचा दिवस उजाडला. आधी बाहेरची चौकट झाली. बाईंनी स्वतः सुतळी घेऊन एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपी धरली, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही वेळा सुतळी अगदी तेवढीच भरली. चौकट काटकोनात होती! बाईंना इतका आनंद झाला की त्या चहा सांगायला बाहेर गेल्या. मिस्त्री आतल्या रेघा घेऊ लागले. जाळ्यापासून एक मीटर अठ्ठ्याण्णव सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना एकेक रेघ येते. सर्व्हिस त्या रेघेच्या पुढे पडावी लागते, अलीकडे पडली तर गुण समोरच्याला. भिंतीवर घड्याळ होतं त्या बाजूची रेघ त्यांनी बरोब्बर घेतली. मग ते दाराकडच्या बाजूला वळले, टेप लावला, "एक अठ्ठ्याण्णव" असं पुटपुटले, आणि तेवढ्यात दारातून त्यांची मुलगी धावत आली.

सहा वर्षांची. अंगाने इतकी बारीक की सगळे तिला टाचणीच म्हणत. हातात बापाचा जेवणाचा डबा. तिने चपला दारात भिरकावल्या आणि माझ्या कोऱ्या फळ्यांवरून अनवाणी सुटली. माझ्यावर पडलेलं ते पहिलं धावतं पाऊल. रबरावरच्या फळ्यांनी तिला अलगद झेललं, आणि ती ओरडली, "बाबा, ही जमीन उडवते!" मिस्त्री हसले. मी त्यांना त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी पेन्सिलची खूण केली, टेप गुंडाळला आणि पोरीला उचललं.

हातचे दहा धरायचे राहिले.

मला तेव्हाच कळलं होतं. आपल्या अंगावरची रेघ कुठे आहे हे कुणाला कळत नाही? पण मला तोंड कुठे होतं! दाराकडची रेघ चार बोटं अलीकडे, जाळ्याच्या बाजूला आली, पांढऱ्या रंगात पक्की झाली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग माझे भरभराटीचे दिवस आले, मित्रांनो. काय सांगू! सकाळी पोस्टमन आणि डॉक्टर एकमेकांवर चिडायचे, दुपारी शाळेची मुलं, संध्याकाळी बायकांची दुहेरी. बुटांची चीं चीं, शटलचा टप्प, आणि "बाहेर!" "आत!" यावरून चालणारी महाभारतं. बाहेरगावचे खेळाडू यायचे, वर बघून म्हणायचे, "दिवे काय छान लावलेत." मी फुगायचो. मिस्त्रींनी फट सोडली होती ती काही उगाच नाही.

फक्त एक गंमत होती. 'घड्याळाखालची बाजू गुणाची' असं सगळे म्हणायचे. तिथून दाराकडे केलेली सर्व्हिस सहसा अलीकडे पडत नसे. नाणेफेक जिंकली की जो तो घड्याळाखाली पळायचा. डॉक्टर म्हणायचे, तिकडे हवा चांगली आहे. पोस्टमन म्हणायचा, घड्याळ शुभ आहे. गुण ना हवेचा, ना घड्याळाचा. गुण होता त्या चार बोटांचा, आणि ते मी एकटाच जाणत होतो.

टाचणी माझ्यावरच वाढली. बाई तिला शिकवायच्या. रोज शाळा सुटली की ती घड्याळाखाली उभी राहून दाराकडच्या रेघेवर शंभर सर्व्हिस करायची. पुढे पुढे तिची सर्व्हिस इतकी नेमकी झाली की रेघेवर ठेवलेली काडेपेटी ती उडवायची. जाळ्याला चाटून जायची आणि रेघेवर बसायची. बाई म्हणायच्या, "ही पोर नाव काढणार." मला मात्र दर वेळी धस्स व्हायचं.

ती चौदा वर्षांची असताना संघाच्या निवडीचे सामने आले. दुसऱ्या गावी, मोठ्या हॉलमध्ये. मी काही तिथे नव्हतो, पण परतल्यावर ती माझ्यावरच येऊन बसली, जाळ्याला पाठ लावून. बाई आणि मिस्त्री समोर उभे होते.

"काय झालं ते तरी सांग," बाई म्हणाल्या.

"समोरच्या मुलीने एकदा बघितलं आणि मग रॅकेट खालीच केली. माझी सर्व्हिस यायची, ती नुसती उभी राहायची. शटल अलीकडे पडायचं. सहा वेळा, बाई. सगळे हसत होते."

"घाबरली असशील."

"नव्हते घाबरले! नेहमीसारखीच केली. प्रत्येक वेळी रेघेच्या इतकी अलीकडे," तिने चार बोटं माझ्यावर आडवी ठेवली, "सहाच्या सहा वेळा एवढीच." मग तिने रॅकेट बाईंच्या हातात दिली. "उद्यापासून मी येणार नाही. माझा हातच खोटा आहे."

ती गेली. दारात चपला घालताना तिने मागे वळूनही पाहिलं नाही. मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

मिस्त्री मात्र हलले नाहीत. ती चार बोटं जिथे टेकली होती तिथेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, बगलेत तोच टेप. गुडघे टेकले, मोजलं. परत मोजलं. मग बाईंच्या वर्गातली स्टीलची लांब पट्टी आणून तिसऱ्यांदा मोजलं, आणि मग माझ्यावर मांडी घालून बसून राहिले. बाई आल्या तेव्हा ते उठलेसुद्धा नाहीत.

"हात चुकला ना बाई, तर कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. सहा वेळा सारखंच चुकतं ते माप असतं." त्यांनी पट्टी बाईंच्या हातात दिली. "माझे हातचे दहा राहिले."

बाईंनी खाली वाकून मोजलं. मग म्हणाल्या, "मी कर्ण मोजले, कडा मोजल्या, ही एक रेघ नाही मोजली. चहा सांगायला गेले होते मी." आणि मग हळूच म्हणाल्या, "मिस्त्री, सगळ्या गावात तुमच्या मापाची शपथ घेतात. तासाभराचं काम आहे. सरकवून टाका, मी कुणाला बोलणार नाही."

मिस्त्रींनी मान हलवली. "रेघ सरकेल हो. पोरीच्या डोक्यात बसलंय ते कसं सरकवू?"

ते गेले आणि टाचणीला घेऊन आले. ती यायला तयार नव्हती, डोळे सुजलेले होते. त्यांनी तिला रेघेपाशी बसवलं, टेपचं तुटकं तोंड दाखवलं, आणि तिच्याकडूनच मोजून घेतलं. मोजून झाल्यावर तिने टेप खाली ठेवला.

"तुझा हात खोटा नाही. मी जिथे रेघ दाखवली तिथे तो बरोबर पडतो. खोटा मी आहे."

"आठ वर्षं, बाबा!" ती एकदम ओरडली. "आठ वर्षं मी चुकीच्या जागी मारतेय! एवढे मोठे मिस्त्री तुम्ही, विसरलात कसे?"

मिस्त्री टेपच्या तुटक्या तोंडाकडे बघत म्हणाले, "तू धावत आलीस."

टाचणीने दाराकडे पाहिलं. मग माझ्या फळ्यांकडे. तिला तो दिवस आठवला की नाही कोण जाणे, पण ती बापाच्या खांद्यावर डोकं टेकवून रडली, आणि मिस्त्रीही रडले. बाई पाठ करून उगाचच जाळ्याची दोरी ताणत राहिल्या.

त्याच दिवशी मिस्त्रींनी जुनी रेघ खरवडली आणि नवी आखली. टेप टाचणीने धरला, आकडा बाईंनी मोठ्याने वाचला. रंगाखालचं लाकूड आठ वर्षं झाकलेलं होतं, ते कोरंच राहिलं होतं. त्यामुळे जुन्या जागी एक फिकट पट्टा उरला. टाचणीला मात्र चार बोटं शिकायला पुरं वर्ष लागलं. शिकलेलं विसरणं हे शिकण्यापेक्षा अवघड असतं, हे मी तिच्या घामावरून सांगतो. पुढच्या निवडीत तिचं नाव आलं. आणि घड्याळाखालची बाजू? ती अजूनही गुणाचीच मानतात. माणसांना एकदा शुभ सापडलं की ती सोडत नाहीत.

पुढे मलाही वाईट दिवस आले. खुर्च्या मांडून सभा झाल्या, खुर्च्यांच्या पायांनी ओरखडे काढले. एका कोपऱ्यात छप्पर गळलं आणि दोन फळ्या फुगून वर आल्या. कोणी बघायला तयार नव्हतं. बाई गेल्या. मिस्त्री शेवटचे आले तेव्हा काठी टेकत आले, बूट काढले आणि अनवाणी पायाने तो फिकट पट्टा चाचपून पाहिला. मग बूट घालून निघून गेले. ते पुन्हा आले नाहीत.

पण टाचणी आली. आता तिच्या केसांत पांढरं आहे आणि मुलं तिला ताई म्हणतात. तिने छप्पर दुरुस्त करून घेतलं, फळ्या बदलल्या. माझ्यावर येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात ती पहिल्या दिवशी रॅकेट देत नाही, टेप देते. सगळ्या रेघा गुडघ्यांवर बसून मोजायच्या, मगच खेळायचं.

गेल्या महिन्यात माझं अंग घासायला कारागीर यंत्र घेऊन आला. फिकट पट्ट्यापाशी थांबून म्हणाला, "ताई, हा डाग घासून काढतो. चुकीच्या जागी रेघ होती वाटतं कोणाची तरी."

"तो राहू द्या," ताई म्हणाली.

"अहो, दिसायला बरं नाही दिसत."

"असू दे. तिथे माझे बाबा हसले होते."

कारागिराने यंत्र बाजूने वळवून नेलं.

तर मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखं एखादं कोर्ट असेल, तर त्याच्यावर ओले बूट घालून जाऊ नका, खुर्च्या ओढू नका, छप्पर गळलं तर कोणाला तरी सांगा. आम्हाला तोंड नाही. आणि कधी तुमच्या हातून माप चुकलं, तर रेघ गुपचूप सरकवू नका. जो त्या रेघेवर विसंबून खेळला, त्याला आधी जाऊन सांगा.