डमीतली जागा

दादा गेला त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी कामावर हजर झाले. घरात बसून तरी काय करणार? वहिनी रडायची, मी चहा करायचे. माझ्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नव्हतं.

"तुझा सख्खा भाऊ होता ना गं?" वहिनीने एकदा विचारलं. भांडायला म्हणून नाही, तिला खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. आतून सगळं बधिर झालं होतं, दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर ओठ होतो तसं. आता या घरात आम्ही दोघीच. तिने मला दगड समजू नये, एवढंच मला हवं होतं. पण त्यासाठी रडू यावं लागतं, आणि ते काही केल्या येईना.

माझं काम डमी गायचं. संगीतकाराने चाल बांधली की आधी मी गाऊन देते. मोठ्या गायिका बाई ते ऐकून गाणं बसवतात, मग माझा आवाज काढून टाकतात. दादा चारचौघांत सांगायचा, "आमचं शेंडेफळ ना? शिंपीण आहे. दुसऱ्यांच्या मापाचं शिवते."

संगीतकाराचा स्टुडिओ म्हणजे त्याच्या घरातली मागची खोली. खिडकीला गादी उभी केलेली, आवाज नको म्हणून पंखा बंद, हेडफोन घामाने कानांना चिकटलेले. शब्द मी मोबाइलवर बघून गात होते. 'जाशील तेव्हा दार नुसतं लोटून जा' ही ओळ आली आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर वरून पट्टी घसरली. 'दादाला फोन.' तो नोकरीला परगावी असायचा, म्हणून दर गुरुवारची ही आठवण मीच लावून ठेवलेली. पट्टीने शेवटचे शब्द झाकले. 'नुसतं'वर मी अडले, आवाज चिरकला, आणि 'लोटून जा' उशिरा, कसंबसं बाहेर पडलं.

"चुकलं. परत घेऊ," मी म्हटलं.

"राहू दे गं, डमी तर आहे," संगीतकार म्हणाला.

तेव्हाही मला काही वाटलं नाही. शब्द दिसले नाहीत म्हणून अडले, इतकंच. बोटाने पट्टी सारली आणि पुढचं कडवं गायले.

काही दिवसांनी संगीतकाराचा फोन आला. स्वारी भलतीच खुशीत होती.

"बाईंना तुझी ती 'नुसतं'वर अडण्याची जागा फार आवडली. जशीच्या तशी घेतली त्यांनी. सगळ्यांच्या अंगावर काटा आला!"

"जागा कसली रे? चूक होती ती."

"मग अशाच चुका करत जा."

"माझी डमी आहे का तुझ्याकडे? मला हवी होती."

"डमी कोण जपून ठेवतं? कधीच पुसली."

गाणं बाहेर आलं आणि जिथे तिथे तेच वाजू लागलं. एका दुपारी घरी आले तर वहिनी स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून ऐकत बसलेली, पुढ्यात अर्धवट सोललेले मटार. बाई 'नुसतं'वर अडल्या. तोच चिरका सूर, तोच उशीर. वहिनी हमसून हमसून रडायला लागली.

"हिचं कुणीतरी गेलंय बघ," ती म्हणाली. "त्याशिवाय असं गाता येत नाही कुणाला."

'ते माझं आहे' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण दाखवणार काय? आणि ते माझं तरी होतं का? मी शेंगा पुढ्यात ओढल्या.

"तू म्हण ना ही ओळ," ती म्हणाली.

मी म्हटली. सरळ, ठोक्यावर, कुठेही इकडचं तिकडे न होता.

"तसं नाही गं. तिथे अडायचं. ऐक नीट." तिने गाणं मागे नेलं. बाईंनी श्वास कुठे सोडलाय ते मी कानात धरलं आणि हुबेहूब त्यांच्यासारखं गाऊन दाखवलं.

वहिनीने डोळे पुसले आणि त्याच ओल्या हाताने माझा हात धरला. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"आता कसं," ती म्हणाली. "आलं बघ तुला."