स्वागताध्यक्ष

"भाऊ, वसतिगृहाच्या फारमले जातीच्या दाखल्याची झेरॉक्स एक लावायची का दोन?"

लखीराम राठोडने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर टेबलाच्या कडेला उभी असलेली मुलगी म्हणाली, "दोन. अन् दोन्हीवर साहेबाची सही पाह्यजे. मांगच्या पानावर लिहून हाय, वाच ना."

पोराने पान उलटून वाचलं आणि 'थँक्यू ताई' म्हणून तो निघूनही गेला. ताई! आज सकाळीच एसटीतून उतरलेली पोरगी, आणि दुपारपर्यंत ताई झाली! यवतमाळातल्या या कॉलेजच्या फाटकाजवळ, लिंबाखाली, लखीराम गेली पाच वर्षं जुलैत टेबल लावत होता. मागे 'नवागतांचे हार्दिक स्वागत' असा कापडी फलक, त्याखाली विद्यार्थी संघटनेचं नाव आणि त्याखाली त्याचं, अध्यक्ष म्हणून. एक एम.ए. झालं होतं, दुसरं चालू होतं. मागच्या पानावर सगळं लिहिलेलं असतं हे त्यालाही ठाऊक होतं. पण पोरं ते वाचत नसत, आणि वाचा म्हणून त्याने कधी कुणाला सांगितलंही नव्हतं.

त्याची पद्धत ठरलेली होती. टीसी, गुणपत्रिका, दाखले, सगळे मूळ कागद आधी भाऊंच्या रेग्झिनच्या बॅगेत जायचे. वसतिगृहाचे फॉर्म तो शेवटच्या तारखेला एकगठ्ठा कार्यालयात नेऊन द्यायचा, कारण तिथले बाबू सुट्या पोरांना उभं करत नसत. कामात खोट नव्हती. त्याच्यामुळे किती तरी पोरं शिकली. फक्त कागद बॅगेत असेपर्यंत पोरं मागेपुढे करत, चहा आणून देत, मोर्चाला येत, आणि ते त्याला फार आवडायचं. त्यात दोन हजार सहाचं ते साल. कापसाला भाव नाही, त्यामुळे पूर्वी पोराला खोली करून देणारी घरंही आता वसतिगृहाच्या दारात उभी होती. रांग कधी नव्हे इतकी लांब होती.

मुलीचं नाव बबिता चव्हाण. महागाव तालुक्यातल्या तांड्यावरची, म्हणजे लखीरामच्या तांड्यापासून दोन कोसांवरची. सकाळी आईबरोबर आली तेव्हा त्याला कोण आनंद झाला होता. आपल्या गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजातली पोरगी! त्याने स्वतः उठून तिच्या आईला, मानीबाईला, खुर्ची दिली. "याडी, काळजी करू नको," तो म्हणाला, "मी हाय इथं." पण बबिताने आपला फॉर्म बसल्या बसल्या स्वतःच भरला, कुठेही खाडाखोड नाही. मग शेजारच्या मुलीचा भरला. मग आणखी दोघींचा. तासाभरात निम्मी रांग टेबल सोडून तिच्याकडे वळली.

"भाऊ, बरं झालं ना, आपलं काम हलकं झालं," संघटनेचा सचिव राजदीप म्हणाला.

"हो, लय बरं झालं," लखीराम म्हणाला. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

एवढं करून, आपला फॉर्म आणि मूळ कागद मात्र तिने मुकाट्याने त्याच्या हाती दिले. "तुमच्याच हातानं जाऊ द्या, भाऊ. तिथचे बाबू तुमचंच आयकते म्हणते."

दुपारी सभागृहात स्वागत समारंभ झाला. लखीरामने दरवर्षीचं भाषण केलं. विद्यार्थ्यांनो, तुम्ही एकटे नाही, संघटना तुमच्या पाठीशी आहे. टाळ्या पडल्या, पडतात तशा. मग नव्या मुलांतर्फे कुणी तरी आभार मानावेत म्हणून प्राचार्यांनी विचारलं, तर मुलींनी बबितालाच पुढे ढकललं.

ती माइकपासून हातभर लांबच उभी राहिली. "माही याडी आज पह्यल्यांदा कॉलेजात आली," ती म्हणाली. "पाह्यटे तिनं मले विचारलं, तिथं गेल्यावर चप्पल कुठं काढायची? मी म्हटलं, याडी, तिथं काढा लागत नाही. पण खरं सांगतो, मलेबी माहीत नव्हतं."

सभागृह आधी हसलं, आणि मग जी टाळी उठली तशी टाळी लखीरामने पाच वर्षांत एकदाही ऐकली नव्हती. राजदीप उभा राहून वाजवत होता. प्राचार्य डोळे पुसत होते. लखीरामही वाजवत होता आणि आतून नुसता जळत होता. तोही याच कॉलेजात पायरीखाली चप्पल काढून शिरला होता, सगळी पोरं हसली होती. ते त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

साडेचारला तो कार्यालयाच्या खिडकीपाशी पोचला. शेवटची तारीख होती, पाचला खिडकी बंद. त्याने मुलांच्या फॉर्मचा गठ्ठा दिला, मग मुलींचा काढला. बारा फॉर्म. तेरावा त्याने बॅगेतच राहू दिला.

"राह्यला का एखांदा?" फुलचंदबाबूंनी चष्म्यावरून विचारलं.

"नाही जी. एवढेच."

तिचं नुकसान करावं असं त्याच्या मनात नव्हतं, निदान स्वतःला तो तसंच समजावत होता. उद्या येऊन बाबूंच्या हातापाया पडू आणि फॉर्म घुसवू. फॉर्म राहिला म्हणून सांगितलं की दोन दिवस पोरगी रडकुंडीला येईल, भाऊ भाऊ करत मागे फिरेल, आणि मग जागा आपणच मिळवून देऊ. तिलाही कळू दे, नुसतं मागचं पान वाचून भागत नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधीच तो हजर होता. फुलचंदबाबूंनी फॉर्मला हातसुद्धा लावला नाही.

"काल मी तुले विचारलं होतं ना, लखीराम? यंदा वसतिगृहाच्या साहेबानं पाचच्या ठोक्याले रजिस्टरमंधी रेघ मारली अन् खाली सही केली. त्या रेघेखाली मी कोणाचं नाव लिहू?"

"बाबू, पोरीचं साल जाईन जी."

"मंग काल काहून नाही दिला?"

तो प्राचार्यांकडे गेला, साहेबांच्या बंगल्यावर गेला, चार दिवस वणवण केली. पण रेघ हलली नाही.

यादी लागली त्या दिवशी मायलेकी लोखंडी पेटी घेऊनच आल्या. मुलींच्या यादीत बारा नावं होती, तिचं नव्हतं. बबिताने ती दोनदा वाचली आणि टेबलाशी आली. लखीरामला म्हणता आलं असतं की फॉर्म बाबूंनी हरवला. सगळ्यांना पटलं असतं.

मानीबाईच म्हणाली, "जाऊ दे बापू. तू चार दिवस पोरीसाठी पळाला म्हणते इथचे पोरं. तिचंच नशीब नाही. खोली करून द्याले आता घरात काय हाय? पुढच्या साली पाहू."

"फारम माह्या बॅगेतच होता, याडी," लखीराम म्हणाला.

"राह्यला का?" बबिताने विचारलं.

"राह्यला नाही. ठेवला."

का, ते तिने विचारलं नाही. ते तिला कळलं होतं, आणि तेच त्याला सोसवेना. तिने हात पुढे केला. त्याने तिचे कागद काढून दिले. टीसी, गुणपत्रिका, दाखला, तिने एकेक उलटून पाहिला आणि नीट घडी करून पिशवीत ठेवला.

"आनखी कोनाकोनाचे कागद हाय तुमच्याजवळ?" तिने विचारलं.

आवाज चढवला नव्हता, तरी टेबलापुढे शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी लागलेल्या रांगेतल्यांनी ऐकलं. पहिला मुलगा जरा घुटमळला. "भाऊ, माही टीसी देता का? घरी दाखवाची होती." मग त्याच्यामागची मुलगी पुढे झाली, तिला गुणपत्रिका हवी होती. मग कुणी कारण सांगायच्या भानगडीत पडलं नाही. राजदीपने बॅग उघडून टेबलावर ठेवली आणि लखीराम नाव विचारून कागद ज्याच्या त्याच्या हातात देऊ लागला.

मायलेकींनी पेटीच्या दोन कड्या दोघींनी धरल्या. पेटी जड होती, दहा पावलांवरच टेकवावी लागली. लखीराम हातातले कागद टाकून उठला, धावत गेला आणि कडीला हात घातला.

"राहू दे, बापू," मानीबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुह्याकडं लेकरं खोळंबले."

तो परत येऊन खुर्चीवर बसला आणि त्याने पुढच्या मुलाचं नाव विचारलं.