एकही हरकत नाही

आमच्या गावात 'नाही' म्हणायची एक जुनी रीत होती. घरी बसायचं.

गावसभेचा नियम असा होता की निम्मी माणसं आली नाहीत तर सभा रद्द आणि ठरावही रद्द. त्यामुळे कुणाशी भांडायची वेळच यायची नाही. अध्यक्षांनी स्वतःच्या वडिलांचा अर्धपुतळा चौकात बसवायचं काढलं, तेव्हा पाच वेळा सभा बोलावली. पाचही वेळा ते, शिपाई आणि एक कुत्रं एवढेच हजर. पुतळा शेवटी पंपघरात माझ्याकडे आला. डोक्यावर पोतं घालून कोपऱ्यात उभा असायचा. मी त्याच्या खांद्यावर टॉवेल वाळत घालायचो. अध्यक्ष रस्त्यात भेटले की लोक हसून विचारपूस करायचे. विरोध झाला आणि तोंडदेखलं वैरही नाही. आम्हाला आमच्या या रीतीचा मोठा अभिमान होता.

मी गावचा पाणी सोडणारा. मोठ्या विहिरीवर पंप, वर टाकी, आणि गावभर जमिनीत पुरलेले एकवीस व्हॉल्व्ह. लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून सकाळी निघायचो आणि एकेक गल्ली सोडत जायचो. ती विहीर कुणी बांधून दिलेली नाही. माझ्या लहानपणी घरटी एक माणूस आठवड्याचे दोन दिवस खणायला जात होता. माझा बाप त्यातच कंबर मोडून घेऊन आला आणि मग कधी सरळ उभा राहिला नाही.

लिहायला-वाचायला मी बावन्नाव्या वर्षी शिकलो. सून दवाखान्यात औषधं द्यायला आहे, तिनं शिकवलं. एकदा मी खोकल्याचं औषध समजून चोळायचं औषध प्यायलो. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आता एक तर तुम्ही अक्षरं शिका, नाही तर मी बाटल्यांना कुलूप लावते." मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे संध्याकाळी आम्ही दोघं आणि पाटी.

म्हणून कचेरीच्या फळ्यावर शहराची नोटीस लागली तेव्हा ती मी स्वतः वाचली. बोट ठेवून, दोनदा. शहराची हद्द वाढणार होती आणि आमचं गाव त्यात जाणार होतं. रस्ते, दिवे, विहीर, टाकी, सगळं शहराच्या ताब्यात. कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यावी, किंवा शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी होईल तिथे येऊन सांगावी. आणि खाली बारीक अक्षरात, मुदतीत हरकत न आल्यास संमती आहे असे धरले जाईल.

ही शेवटची ओळ मी तिसऱ्यांदाही वाचली.

चार दिवस बसून मी एक पानाची हरकत लिहिली. विहीर आम्ही खणली आहे. तिचं पाणी आधी गावाला मिळावं आणि उरलं तर दुसऱ्याला. एवढंच होतं त्यात, पण चार कागद फुकट गेले. सुनेनं वाचलं आणि म्हणाली, "चुका दोनच आहेत. राहू द्या. अर्थ कळतो."

कागद खिशात घालून कचेरीकडे निघालो, तर वाटेत न्हाव्याच्या दुकानात निवृत्त मास्तर दाढीला बसले होते. गावाचं काय ते तिथंच ठरायचं. न्हाव्यानं हाक मारली, "ओ पाणीवाले, इकडे या. ठरलं बरं का. सुनावणीच्या दिवशी सगळी दारं बंद. चिटपाखरू फिरकणार नाही."

"अहो, पण हे तसलं नाही," मी म्हणालो. "गप्प बसलं की होकार धरणार आहेत. लिहिलंय तसं."

मास्तरांनी साबणाच्या फेसातून माझ्याकडे पाहिलं. "चाळीस वर्षं शाळेत मी शिकवलं की तू?"

"तुम्हीच. पण मास्तर, तुम्ही वाचलीत का ती नोटीस?"

"मी कशाला वाचू त्यांची नोटीस?" मास्तर म्हणाले. "वाचली म्हणजे मानली."

न्हावी हसला. "चार अक्षरं काय आली, पाणीवाले वकील झाले. उद्या कोट घालून व्हॉल्व्ह फिरवतील."

बाकावर बसलेलेही हसले. मग मास्तर हळू आवाजात म्हणाले, "हे बघ. एक जरी माणूस गेला, तरी ते लिहिणार की गाव आलं होतं. तो एक माणूस तू होऊ नकोस. तुझ्या बापानं विहीर खणलीय."

बापाचं नाव काढलं आणि मी विरघळलो. खरं सांगायचं तर बापापेक्षा मला त्या हसण्याची भीती जास्त वाटली. बावन्न वर्षं अडाणी म्हणून काढली होती, पण तेव्हा मला कुणी हसलं नव्हतं. कागद खिशातच राहिला.

सुनावणीच्या दिवशी गाव असं बंद होतं की माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटत होता. पाणी मात्र सोडायलाच हवं. शाळेजवळचा व्हॉल्व्ह हॉलच्या दाराला लागूनच आहे. आत सव्वाशे खुर्च्या मांडलेल्या, त्यांच्या समोर शहराचे तीन साहेब, आणि पंखा फिरत होता. एक जण पेन्सिलीनं कान खाजवत होता. तिघांतला तरुण इंजिनिअर उठून बाहेर आला.

"काका, कुणी येणार आहे का हो?"

मी मान हलवली. होकाराची की नकाराची, मलाच माहीत नाही.

"बरं, प्यायला पाणी तरी मिळेल?"

पाण्याला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. चावी फिरवून नळाचं ताजं पाणी तांब्यात भरून नेलं. तिघंही प्यायले. थोरल्या साहेबानं दुसऱ्यांदा मागितलं.

"गोड आहे हो पाणी! विहिरीचं?"

"विहिरीचं," मी म्हणालो.

"उन्हाळ्यात आटत असेल?"

आणि इथे मी घात केला. उभ्या आयुष्यात कुठल्या साहेबानं मला एक प्रश्न विचारला नव्हता, आणि हा तर माझ्या विहिरीबद्दल विचारत होता. मी छाती काढून म्हणालो, "आटत असेल? तीन मोटरी लावा साहेब, तळ दिसायचा नाही. अख्खं गाव पिऊन निम्मं उरतं."

"अरे वा," साहेब म्हणाला आणि त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. माझा कागद खिशात होता. हात खिशापर्यंत गेलाही. पण मास्तरांच्या घराची खिडकी समोरच, आणि तिचा पडदा हलत होता. मी रिकामा तांब्या उचलून निघालो.

त्या दिवशी दुपारी न्हाव्यानं सगळ्यांना चहा पाजला. "सव्वाशे खुर्च्या आणि एक ढुंगण नाही!" असं तो येईल त्याला सांगत होता. आम्ही जिंकलो होतो.

सहा महिन्यांनी कचेरीवरची पाटी उतरली आणि शहराची निळी पाटी लागली. गल्ल्यांना नंबर आले. अध्यक्षांना कुठल्याशा समितीवर घेतलं, आणि त्यांनी पहिल्याच महिन्यात बापाचा पुतळा माझ्याकडून नेऊन चौकात बसवला. त्यासाठी आता सभा लागत नव्हती. मला कंत्राटावर ठेवलं. तो तरुण इंजिनिअर एक दिवस पंपघरात आला आणि म्हणाला, "काका, जमिनीखाली काय कुठे आहे त्याचा एकही नकाशा नाही तुमच्या कचेरीत. तुम्हीच काढून द्या. तुमच्याशिवाय कोण देणार?"

मी काढून दिला. पंधरा दिवस लागले. एकवीसही व्हॉल्व्ह, कुठून किती पावलं, किती आटे उघडायचे, आणि प्रत्येकाचं नाव, न्हाव्याचा, मास्तरांचा, शाळेचा, विधवेच्या बोळाचा. सुनेनं पाहिला तेव्हा या वेळी एकही चूक निघाली नाही. ती म्हणाली, "सुरेख झालाय बाबा. पण त्यांना कशाला हवाय?"

कशाला ते पुढच्याच महिन्यात कळलं. विहिरीपासून टेकडीपर्यंत हातभर जाडीचा पाइप पडला. टेकडीवर वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या. आमच्या टाकीचं पाणी तिकडे चढायला लागलं आणि गावाला दिवसाआड चाळीस मिनिटं. ती चाळीस मिनिटं मोजून चावी बंद करणारा मीच. लोक बादल्या घेऊन नळावर भांडायला लागले. जे न्हावी आणि मास्तर आयुष्यात एकमेकांवर ओरडले नव्हते ते एका बादलीवरून सगळ्यांदेखत ओरडले.

शेवटी सगळे निळ्या पाटीखाली जमले. पहिल्यांदा, पूर्ण गाव. आतला कारकून वैतागला नाही की चिडला नाही. त्यानं एक फाइल काढली आणि म्हणाला, "तुमच्याच गावच्या सुनावणीचा अहवाल आहे. वाचा आणि मग बोला." मास्तरांचा चष्मा घरी राहिला होता. न्हावी म्हणाला, "पाणीवाले, तुम्ही वाचा. तुम्हाला येतं ना."

मी वाचलं, मोठ्यानं. "सुनावणीस पुरेशी आसनव्यवस्था करण्यात आली होती. एकही हरकत प्राप्त झाली नाही. ग्रामस्थांनी संपूर्ण सहकार्य केले. वातावरण शांत होते."

पुढची ओळ होती, 'पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने विहिरीत गावाच्या गरजेच्या दुप्पट पाणी असल्याचे स्वतःहून सांगितले.' माझं बोट त्या ओळीवर आलं. मी ते उचलून खालच्या तारखेवर ठेवलं आणि तारीख वाचली.

घरी आल्यावर सून भाकरी वाढत म्हणाली, "बाबा, एक ओळ राहिली ना वाचायची?"

"तुला काय माहीत?"

"तुम्ही वाचताना बोट ठेवता. मी बोट बघत होते."

मी तिला ओळ सांगितली. तोवर मी पाणी सोडताना आमची भांडी आधी भरून घ्यायचो. दुसऱ्या दिवसापासून ती बादली घेऊन रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभी राहायला लागली.

इकडे न्हाव्याच्या दुकानात पुन्हा ठरलं. त्या दुकानात दुसरं काही ठरतच नसे. पाण्याच्या दिवशी कुणी नळावर जायचं नाही. शहराचं पाणी नको म्हणजे नको. त्यांना कळू दे. मी या वेळी काही म्हणालो नाही. मला म्हणायचा हक्क उरलाय असं वाटत नव्हतं.

पाण्याचा दिवस आला. मी चावी फिरवली. नळ सुरू झाले आणि दारं बंद. चाळीस मिनिटं पाणी रिकाम्या दगडांवर पडत राहिलं आणि गटारातून न्हाव्याच्या दुकानापुढून वाहत गेलं. फटीतून माणसं बघत होती. एका घरात लहान पोर पाणी पाणी करत होतं, त्याच्या तोंडावर कुणीतरी हात ठेवला असावा. इंजिनिअर मोटारसायकलवर बसून पाहत होता. त्यानं घड्याळ पाहिलं, मग छापील फॉर्म काढून भरला आणि माझ्यापुढे धरला.

"काका, इथे सही करा."

मी वाचलं. 'जुन्या गावठाणात पाण्याची मागणी आढळली नाही. वेळ चाळीसवरून वीस मिनिटे करण्यास हरकत नाही.'

मी पेन घेतलं आणि सहीच्या जागी लिहिलं, 'माणसं घरात होती.'

त्यानं वाचून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, कंटाळून. "काका, या फॉर्मवर शेऱ्याला जागाच नाही हो." त्यानं तो कागद दुमडून खिशात टाकला आणि दुसरा काढला. "सही जमत नसेल तर अंगठा चालेल."

मी चावी त्याच्या मोटारसायकलला टेकवून ठेवली आणि घरी आलो. सून दारात होती.

"सही केली नाही. चावी देऊन आलो," मी म्हणालो. मला वाटलं ती बरं केलंत म्हणेल.

ती म्हणाली, "म्हणजे तुम्हीही घरी बसलात."

दोन दिवसांनी एक नवा माणूस खांद्यावर चावी घेऊन आमच्या दारात आला. हातात माझा नकाशा होता, माझ्याच अक्षरातला. "न्हाव्याचा व्हॉल्व्ह सापडत नाही," तो म्हणाला. "वीस मिनिटं आहेत आणि आठ यातच गेली."

न सांगता आत जाता आलं असतं. पण वीस मिनिटं ऐकून दारं उघडली होती, बोळात पुन्हा बादल्या लागल्या होत्या आणि शेवटच्या बादलीपाशी माझी सून उभी होती.

"दुकानाच्या पायरीपासून डावीकडे सहा पावलं," मी म्हणालो. "झाकण मातीखाली आहे. चला, दाखवतो."