शिट्टी वाजली नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझं सगळं आयुष्य कोंबडीच्या अंड्यांच्या सोबतीत गेलं. कारखान्यातून मी थेट एका उबवणी केंद्रात आलो. भिंतीशी तीन मोठी उबवणी यंत्रं, समोर टेबलावर मी. प्रत्येक यंत्रातून एक तार माझ्यापर्यंत येते आणि आतली उष्णता कळवते. ती वाढली की मी शिट्टी द्यायची, हे माझं खरं काम. केंद्राच्या मालकीणबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या, "हा आहे म्हणून दुपारी मी निर्धास्त पाठ टेकते."

पुढे माझ्यात नाही नाही ते साठत गेलं. भंगारात गेलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, मुदत संपलेले दोन अँटिव्हायरस, कोणीतरी एकदाच खेळलेला पत्त्यांचा खेळ. सगळे पाठीमागे गुपचूप चालत आणि माझा जीव खात. साधं पान उघडायचं तरी मला धाप लागे. बाई वैतागून माझ्या पाठीत धपाटे घालू लागल्या.

म्हणून एका सकाळी त्यांचे जावई माझ्यासमोर बसले. माणूस हुशार, हात चपळ, धीर जरा कमी. त्यांनी एकेक अडगळ उपटून काढली आणि खरं सांगतो, मला फार हलकं वाटलं. मग ते एका नावापाशी थांबले. नाव कसलं, नुसती अक्षरं आणि आकडे. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली.

"आई, हे काय आहे हो?" त्यांनी ते वाचून दाखवलं.

बाई यंत्रातले खण तपासत होत्या. "मला कुठली त्यातली नावं कळायला, जावईबापू? जुनं असेल तर काढा."

ती शिट्टी होती. बाईंना तिचं काम ठाऊक होतं, जावयांना नाव, आणि दोन्हींची गाठ काही पडली नाही. एका टिचकीसरशी ती गेली.

दुपारी मधल्या यंत्राच्या पंख्याचा पट्टा तुटला. बाकीच्या दोघांच्या घरघरीत कोणाला कळलंही नाही. त्यातली अंडी दोन दिवसांत फुटणार होती. आत पिल्लं पूर्ण वाढलेली, त्यांच्या अंगचीच ऊब केवढी, ती आता आतच कोंडली. तारेतून चढते आकडे येत राहिले, पण त्यांची दखल घेणारं माझ्यात कोणी उरलं नव्हतं. बाई समोरच पडल्या होत्या. शिट्टी नाही म्हणजे सगळं ठीक, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा हिशेब. माझ्या जिवाची नुसती तगमग होत होती.

बाई उठल्या. जाता जाता त्यांनी मधल्या यंत्रातलं एक अंडं उचललं आणि मिटलेल्या पापणीला लावलं. मी येण्याआधी त्या ऊब अशीच बघत, ती सवय गेली नव्हती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"जावईबापू, धावा. अंडी भाजताहेत."

दारं सताड उघडली. जावई पुठ्ठ्यानं वारा घालू लागले, बाई कोमट पाणी शिंपडू लागल्या. मधेच अंडं पापणीला लावत आणि नकारार्थी मान हलवत. अखेर एकदा त्यांनी ते तसंच धरून ठेवलं.

"उतरली," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "पण शिट्टी का नाही वाजली?"

जावई ओशाळले. "सकाळी मीच काढली, आई."

"आणि काढा म्हणाले मी."

संध्याकाळच्या आत पंख्याला नवा पट्टा चढला आणि जुन्या सीडीवरून शिट्टीही परत बसली. दोन दिवसांनी मधल्या यंत्रात चिवचिवाट सुरू झाला. सगळ्यात वरच्या खणात मात्र काहीच हललं नाही. बाईंनी तो खण बाहेर नेला आणि जावयांनी त्यांना वाट करून दिली.

मित्रांनो, आमच्यातली अडगळ जरूर काढा, आम्हालाही मोकळा श्वास हवा असतो. पण अनोळखी नाव पुसण्याआधी ते काय काम करतं हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत हात आवरा. वरच्या खणातली पिल्लं कवच टोचायच्या बेतात होती.