लिटियाच्या खालची केलेरा

"अगं, केलेरा तुझ्या थेट हाताखालची नाही," सुवा शहरातून आपिसाई फोनवर म्हणाला. माणसामागे माणूस जोडत माल खपवणाऱ्या कंपनीत तो उनाइसीच्या वरच्या पायरीवर. "तू लिटियाला जोडलंस, लिटियानं तिला. लिटिया बघेल."

"लिटिया सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला गेलीय. आता केलेराला कोण आहे?"

"महिनाअखेर केलेरानं पैसे भरून माल उचलला की तू लीडर होतेस. तेवढं बघ, बाकी सोड."

उनाइसीनं फोन पिशवीत टाकला. कोरो बेटाकडे जाणारी बोट लेवुकाच्या धक्क्यावरून सुटली होती. मासळीच्या कारखान्यात डबे भरण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. बोटं सुन्न व्हायला लागली तेव्हा ती या साबण-तेलाच्या कंपनीत आली. केलेराला तिनं कधी पाहिलं नव्हतं. दर शनिवारी गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते ती तिला फोनवर शिकवायची. अलीकडे पलीकडचा आवाज विझत चालला होता, म्हणून ती निघाली. ऊन असं पसरलं होतं की समुद्र कुठे संपतो ते कळेना. एका आवाजामागून आपण कुणाच्या तरी स्वप्नात शिरतोय, असं तिला वाटत राहिलं.

मनातली केलेरा तरुण पोर होती. कोरोच्या किनाऱ्यावर उभी होती ती पांढऱ्या केसांची बाई.

"उनाइसीताई ना? आवाजावरून उंच वाटला होतात."

"तुम्ही वाट पाहत होतात?"

"फोनवर तर 'तू' म्हणायचात."

"फोनवर दिसत नव्हतात ना," उनाइसी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

गावातून जाताना सगळीकडे मोगऱ्याचा वास येत होता. झऱ्यावर नाहणाऱ्या पोरांना, वाळत घातलेल्या चादरींना, झाडाखाली पेंगणाऱ्या म्हाताऱ्याच्या शर्टालाही. कंपनीचाच साबण. अख्खं गाव झोपेत दरवळत असल्यासारखं. उनाइसीचा ऊर भरून आला.

केलेरानं नारळाच्या दुधातला मासा आणि उकडलेला कसाव्याचा कंद वाढला.

"एवढा खप आहे, मग आवाज का पडला होता?"

"खप कसला, ताई. कुणी मागितलं की देते. आपल्याच माणसाला किंमत सांगायला जीभ वळत नाही."

"मग माल कशाला उचलता?"

केलेरा माशाचे काटे काढत राहिली. "चटया विणून विकते, त्यातून उचलते. आता बोटं चालत नाहीत. पण माल नाही उचलला तर कंपनी यादीतून नाव काढते. नाव गेलं की तुम्ही फोन कशाला कराल? नवरा गेल्यापासून गावात सगळे विचारतात, कशी आहेस. पण त्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं."

उनाइसीनं फोन काढला. रेंज नव्हती.

"ती टेकडीवर मिळते. शनिवारी तुमच्या फोनसाठी तिथंच तर जाते मी," केलेरा म्हणाली.

चढताना उनाइसीला दोनदा टेकावं लागलं. या वाटेनं ही बाई दर शनिवारी येत होती, आणि आपण तिला हसून बोलायला शिकवत होतो.

"केलेराचं नाव काढ," तिनं आपिसाईला सांगितलं.

"डोकं ठिकाणावर आहे ना? लीडर व्हायचं राहील तुझं."

"राहू दे."

केलेरा समुद्राकडे तोंड करून उभी होती. "मग आता शनिवारी?"

"करीन की फोन."

"शिकवणार काय?"

"काही नाही. तुम्ही सांगा, मी ऐकते."

दुसऱ्या दिवशी उनाइसीला मोठ्या बोटीपर्यंत नेणारी होडी पाण्यात ढकलली, तेव्हा केलेरा होडीच्या कडेला हात लावून सोबत चालू लागली. पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. छातीशी आलं तेव्हा तिनं हात उचलला आणि भिजल्या कपड्यांत तशीच ताठ उभी राहिली.