एक दिवस आधी

"फितीवर नाव काय घालू?" फुलवालीनं विचारलं.

"जेरार्दो," दोनातो म्हणाला. "इंजिनिअर जेरार्दो."

"इंजिनिअर नाही हो, डॉक्टर. पदवी मिळाली की आमच्या पादोवात सगळे डॉक्टर होतात, मग पूल बांधोत नाहीतर कविता करोत." ती हसली. "आणि इंजिनिअरिंगची फीत काळी असते. चालेल ना? दक्षिणेकडचे लोक जरा बिचकतात म्हणून विचारते."

दोनातो बिचकला होताच, पण चालेल म्हणाला. पदवीच्या दिवशी मुलाच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट चढवायचा आणि तो घरच्यांनीच आणायचा, ही पादोवातली रीत. सात वर्षं हा माणूस त्या मुकुटाची वाट पाहत होता. इटलीच्या पार दक्षिणेतल्या एका डोंगरी गावात तो शाळेची बस चालवायचा. तीस वर्षं लोकांची पोरं शाळेत पोचवली, आणि स्वतःचं एकुलतं एक पोर इतक्या लांब शिकायला धाडलं.

"उद्याचा ना?" फुलवाली थबकली. "उद्या कुठला इंजिनिअरिंगचा समारंभ? त्यांचे सगळे मुकुट मी सोमवारीच दिले."

"काहीजणांचा राहिलाय. मुलानंच सांगितलं."

"असेल." तिनं हातातली पेन्सिल कानावर अडकवली. वहीत काहीच लिहिलं नाही. "आगाऊ काही नको. सकाळी या, करून देईन."

दोनातो बाहेर आला. बायको इमाकोलाता, तिच्या दोन बहिणी, मेव्हणे असा सगळा लवाजमा संध्याकाळच्या बसनं निघून उद्या सकाळी पोचणार होता. हा मात्र एक दिवस आधी आला होता, कुणाला न विचारता. सात वर्षांत पोरानं एकदाही बोलावलं नव्हतं. कधी परीक्षा, कधी खोलीत जागा नाही. निदान एक दिवस शहर तरी बघू, असं त्याला वाटलं होतं.

सकाळी स्टेशनावरून फोन केला तेव्हा जेरार्दो दचकलाच होता. मग म्हणाला, "आजच आलास पप्पा? मला आज वेळ नाही. तू शहर बघ. संताचं देऊळ बघ, लाकडी घोडा बघ. विद्यापीठाकडे मात्र जाऊ नकोस, तिथं आज काही नाही."

तेव्हा दोनातो निघाला शहर बघायला. एकटा माणूस शहर बघतो तेव्हा निम्मा वेळ दाखवायला कुणी नाही याचंच वाईट वाटत राहतं. मोठ्या चौकात पाण्याच्या कडेनं उभे असलेले दगडी विद्वान त्यानं पाहिले. हातात पुस्तकं, कपाळावर आठ्या. यांच्या बापांनी किती खस्ता खाल्ल्या असतील, असं त्याच्या मनात आलं. तिथं जेरार्दोचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"पुतळ्यांपाशी. आणि तू?"

"लायब्ररीत. जेवलास का?"

"ये ना, बरोबर खाऊ."

"उद्या, पप्पा."

जुन्या कचेरीच्या भल्यामोठ्या दालनात तो छताएवढा लाकडी घोडा बघत उभा होता, तेव्हा पुन्हा फोन. कुठे आहेस, किती वेळ थांबणार. पोराचा आवाज कोरडा होता.  बसमध्ये एखादं पोर फार गप्प बसलं की दोनातोला आरशातून कळायचं, आज याचं काहीतरी बिनसलंय. तसंच वाटलं. पण आपल्याच पोराबद्दल असं काही मनात आणायला मन धजेना.

दुपारी तो संताच्या देवळात गेला. सगळे करतात तसा त्यानंही समाधीच्या थंड दगडावर तळवा टेकला. हरवलेलं शोधून देणारा हा संत. काय मागावं ते दोनातोला सुचलं नाही. बाहेर पायऱ्यांवर आला तेव्हा तिसरा फोन आला, आणि त्याच क्षणी देवळाची घंटा सुरू झाली. डोक्यावर एक घंटा, कानातल्या फोनमध्ये दुसरी, ठोक्याला ठोका.

"लायब्ररीत आहेस?" दोनातोनं विचारलं.

"हो."

"बरं."

त्यानं चौकावर नजर फिरवली. यात्रेकरू, मेणबत्त्यांच्या टपऱ्या, कबुतरं. पोर कुठेच दिसलं नाही. सकाळपासून ते आपल्या मागं मागं फिरतंय, हे मात्र त्याला लख्ख कळलं. तो तडक विद्यापीठाकडे निघाला.

दारापुढं गलका चालला होता. नुकतीच पदवी मिळालेल्या एका मुलीच्या डोक्यावर मुकुट, अंगावर बुजगावण्यासारखे कपडे, आणि भिंतीवर तिच्या भानगडींचं सचित्र वर्णन. ती ते मोठ्यानं वाचत होती, चुकली की मित्र घोटभर दारू पाजत होते आणि चावट गाणं म्हणत होते. तिची आई बाजूला उभी राहून लाजेनं लाल होत, पोट धरून हसत होती.

दोनातो आत शिरला. पिकल्या मिशांच्या शिपायानं नाव विचारलं, फळ्यावरची यादी पाहिली, मग टेबलावरची.

"उद्या कसलाच समारंभ नाही, साहेब. यंदाच्या याद्यांतही हे नाव नाही."

"मागच्या वर्षीच्या?"

शिपायानं यादी बघितली नाही. खुर्ची पुढं केली. "बसा. असे बाप दरसाल येतात. कुणी फुलं घेऊन, कुणी अख्खं गाव घेऊन. पोरं एका परीक्षेत अडकतात, घरी सांगत नाहीत. मग एका थापेवर दुसरी. सात सात वर्षं."

"मी त्याला कधी हात लावला नाही हो. मला का नाही सांगितलं?"

"ते नंतर विचारा. तुमचे लोक कधी येणार?"

"उद्या सकाळी."

"मग त्याच्याकडे आजचाच दिवस आहे." शिपायाचा आवाज खाली आला. "आत्ता फोन करा. रागावू नका. यादी पाहिली म्हणून सांगू नका. गेल्या साली एकाच्या बापानं फोनवरच शिव्या दिल्या. पोर पुलावर उभं होतं."

 दोनातो बाहेर येऊन नदीच्या कठड्याशी उभा राहिला. खाली पाणी हिरवंगार, संथ. फोन वाजत राहिला. कुणी उचलेना. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा उचलला, पण पलीकडून शब्द नाही, नुसता वारा.

काय बोलावं? तुझ्यावर जीव आहे, असं त्यांच्या घरात कुणी बोलत नसे. ये म्हटलं तर पोर येणार नव्हतं. तीस वर्षांत धुक्यात, बर्फात एकदाही वाट न चुकलेला दोनातो म्हणाला, "जेरार्दो, मी हरवलोय रे."

त्यानं फोन कानाशी घट्ट धरला.

"कुठली गल्ली काही कळत नाही. डोकं गरगरतंय. मला भीती वाटतेय. मला घ्यायला येतोस का?"

"समोर काय दिसतंय?" जेरार्दोनं विचारलं.

"पूल आहे. पाणी आहे. लांब देवळाचे घुमट दिसतायत."

"तिथंच थांब. हलू नकोस, पप्पा. कठड्यापासून लांब हो."

ती दहा मिनिटं दोनातो कशी जगला ते त्याचं त्याला ठाऊक. मग गल्लीच्या तोंडाशी जेरार्दो दिसला. वाळलेला, दाढी वाढलेली, धावत येणारा. जवळ येऊन थबकला. बापाचा चेहरा पाहिला आणि त्याला सगळं कळलं.

"तू विद्यापीठात गेलास."

"हो."

पोर एक पाऊल मागं सरकलं. दोनातोनं झटकन त्याची बाही पकडली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. इमाकोलाता. मागं बहिणींचा कलकलाट, बसचा हॉर्न. "आम्ही बसमध्ये चढतोय. मुकुट सांगितलास ना?"

जेरार्दोनं डोळे मिटले.

"चढू नका," दोनातो म्हणाला. "उतरा सगळे. उद्या काही नाही."

"काही नाही म्हणजे? काय झालं?"

"मीच तारीख चुकीची ऐकली. पोरानं नीट सांगितलं होतं, माझ्याच कानाचा घोळ."

मग जे सुरू झालं ते पुलावरून जाणाऱ्यांनाही ऐकू येत होतं. बहिरा, बावळट, बहिणींसमोर नाक कापलंस, नवे कपडे शिवले, कोंबड्या शेजारणीकडे टाकल्या, जन्मभर बस चालवून डोक्याचा भुगा झालाय तुझ्या. दोनातो मध्ये मध्ये "खरं आहे" म्हणत होता. फोन त्यानं कानाला तसाच लावून ठेवला, आणि दुसऱ्या हातातली बाही काही सोडली नाही.