नाव विचारायला आलेला माणूस

वडिलांसाठी वृद्धाश्रम शोधताना चांगलीच फसगत झाली, तेव्हा सुप्रीतानं म्हैसूरच्या वृद्धाश्रमांचे खरे अनुभव सांगणारी वेबसाइट सुरू केली. लिहिणारा प्रत्येक माणूस तिनं स्वतः भेटून पारखलेला. त्यांची नावं छापायची नाहीत, हा तिचा शब्द.

एका दुपारी पांढऱ्या शर्टातला एक माणूस दारात आला. मेटगळ्ळीच्या पलीकडच्या एका आश्रमाचा मॅनेजर.

"आमच्याकडे म्हाताऱ्यांना पलंगाला बांधतात, असं कोणी लिहिलं मॅडम? सुम्ने, सहज विचारतोय."

"नाव सांगता येत नाही."

तो हसला. "तुमचं नाव तर मिळालं. मुलगी सायकलवरून ट्यूशनला जाते ना? रस्ते फार वाईट आहेत."

तो गेला. तो मजकूर काढून टाकायला तिनं लॅपटॉप उघडला. पण आधी लिहिणारीला सांगायला हवं, म्हणून निवृत्त शिक्षिका नागरत्नाक्कांना फोन लावला.

"अय्यो, काढू नकोस गं," अक्का कुजबुजल्या. "पण माझी थोरली बहीण अजून तिथंच आहे. त्यांना माझं नाव कळलं तर?"

 हे सुप्रीताला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी रिक्षानं गेल्या. बहिणीला घरी आणायला अक्का एकट्या आत गेल्या. सुप्रीताला तो माणूस ओळखत होता. ती सोबत दिसली की नाव फुटलंच. ती ओढणीत तोंड लपवून रिक्षात बसून राहिली. बराच वेळ गेला. अक्का येईनात. आतून कुणीतरी ओरडलं, आणि दार आपटल्याचा आवाज आला.

मग तिच्यानं बसवेना. ती धावत आत गेली.

व्हरांड्यात अक्का बहिणीला घट्ट धरून उभ्या होत्या. समोर तोच माणूस. "यांच्या मुलाची परवानगी आणा, मग न्या," तो सांगत होता. सुप्रीता दिसताच तो थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग अक्कांकडे.

"असं होय," तो म्हणाला.

सुप्रीताला वाटलं, संपलं. आपणच नाव सांगून टाकलं.

अक्का मोठ्यानं म्हणाल्या, "हो, मीच लिहिलं. नागरत्ना माझं नाव." त्यांनी बहिणीची बाही वर सारली. मनगटावर काळेनिळे वळ होते. भेटायला आलेली एक बाई ते पाहून जागीच थबकली, तिचा नवराही पुढे आला. मॅनेजरनं सगळ्यांकडे पाहिलं, मग तो बाजूला झाला.

तिघी रिक्षानं परत निघाल्या. सुप्रीता सारखी मागं वळून बघत होती.

संध्याकाळी अक्कांच्या सांगण्यावरून तिनं मजकुराखाली त्यांचं नाव घातलं. नंतर दाराला कडी लावली, आणि थोड्या वेळानं उठून पुन्हा एकदा ती ओढून पाहिली.